पाइनच्या काडीला मूळ का फुटत नाही?

जास्वंदीची फांदी छाटून ओल्या मातीत खोवली की काही आठवड्यांत तिला मुळे फुटतात. खोडातून अशी नव्याने निघणारी मुळे वनस्पतिशास्त्रात ‘आगंतुक मुळे’ म्हणून ओळखली जातात. पाइन, स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांची गोष्ट मात्र निराळी आहे. कोवळ्या रोपाची काडी सहज मूळ धरते; वाढलेल्या वृक्षाची काडी बहुधा नुसतीच सुकून जाते.

या प्रश्नात मोठे हित गुंतलेले आहे. मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा रेडिएटा पाइन आज न्यूझीलंडच्या लागवडीच्या वनांपैकी सुमारे ९० टक्के क्षेत्र व्यापतो. एखादा वृक्ष सरळ वाढेल काय, रोगाला तोंड देईल काय, हे कळायला कित्येक वर्षे जावी लागतात. गुणांची खात्री पटेपर्यंत त्याची हुबेहूब प्रत काढण्याची वेळ निघून गेलेली असते.

मूळ फुटण्याचा निरोप पेशींना देते ते ऑक्सिन हे संप्रेरक. एरवी पेशीतील काही दमनकारी प्रथिने विशिष्ट जनुकांना रोखून धरतात. टीआयआर-१ नावाचे प्रथिन ऑक्सिनचे ग्राहक आहे, हे २००५ मध्ये अ‍ॅराबिडोप्सिस या लहानशा वनस्पतीत सिद्ध झाले. ऑक्सिन येताच हे ग्राहक दमनकारी प्रथिनांना धरते आणि पेशी त्यांचा नाश करते. रोखलेली जनुके मोकळी होतात आणि खोडातील पेशी आपले नेहमीचे काम सोडून मूळ घडवू लागते.

मग प्रौढ काडीला बाहेरून ऑक्सिन दिले तर? अनेकदा तेवढ्याने भागत नाही. निरोप पोहोचतो, पण तो ऐकण्याची पेशींची क्षमता ओसरलेली असते. रेडिएटा पाइनवरील २००७ मधील संशोधन या दृष्टीने बोलके आहे. मूळ धरण्यास सक्षम असलेल्या काड्यांना ऑक्सिन दिल्यावर ‘स्केअरक्रो’सदृश एका जनुकाची अभिव्यक्ती पहिल्या २४ तासांतच वाढली, तीही पेशींचे विभाजन सुरू होण्यापूर्वी. डोळ्यांना मूळ दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचा निर्णय झालेला असतो.

वनशास्त्रज्ञांनी यावर व्यवहार्य तोड काढली आहे. मातृरोपे वारंवार छाटून बुटकी ठेवली की त्यांचे कोवळेपण अधिक काळ टिकते. दुसरा मार्ग दूरदृष्टीचा आहे. बीजातील भ्रूणापासून वाढवलेल्या ऊती उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात आणि त्याच ऊतींपासून तयार केलेली रोपे वनात लावून पारखतात. वर्षांनंतर जो वृक्ष उत्तम ठरेल, त्याची कोवळी ठेव तोवर सुरक्षित असते आणि तिच्यातून हवी तितकी रोपे घडवता येतात.

वृक्षाची पारख वार्धक्यात होते, पण त्याची ठेव मात्र बालपणीच ठेवावी लागते.