शेण कोण कालवणार?

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र गेला आठवडाभर माझ्या टेबलावर पडून आहे. दोन गाई, एक म्हैस नि सासू-सासरे धरून घरात सहा माणसं. नवऱ्यानं पंचायत समितीतून गोबरगॅसचा अर्ज आणलाय. सरकार पैसे देतंय, सिलिंडरचा खर्च वाचेल, शेताला खत मिळेल, म्हणून घरात सगळे खूश. "मी एकटीच गप्प आहे," असं ती लिहिते. "सिलिंडरचं बटण फिरवलं की शेगडी पेटते. गोबरगॅस आला की रोज शेण कालवायचं मी, पाणी ओढायचं मी. पण नको म्हटलं तर आळशी ठरेन. ताई, काय करू?"

उत्तर लगेच सुचेना. कारण गोबरगॅसची मी जुनी चाहती. निळी ज्योत, धूर नाही, भांडी काळी नाहीत. शिवाय गॅस निघून गेल्यावरही शेणाचं खत खतच राहतं. पण या बाईची तक्रार खोटी आहे असंही म्हणवेना.

माझं बिऱ्हाड भोईवाड्यात. शेणामातीशी आमचा संबंध उरलाय तो कुंडीतल्या तुळशीपुरता. तरी या गॅसचं नि आमच्या भागाचं जुनं नातं आहे म्हटलं तर हसाल. आमच्या घरापासून वडाळ्याकडे चालत निघालं की अर्ध्या तासात ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय लागतं. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनी १८९० साली निराधार कुष्ठरुग्णांसाठी ते उभं केलं. तेव्हा त्याला माटुंग्याचं लेपर असायलम म्हणत. (हेच ते ॲक्वर्थसाहेब, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर आपले ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. कमिशनरला पोवाड्यांचा नाद असू शकतो, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.) तर या असायलमच्या मैलाटाकीतून निघणारा गॅस १८९७ साली धरला गेला नि त्यावर दिवे लावले गेले. जगाच्या बायोगॅसच्या इतिहासात माटुंग्याचं नाव येतं ते यामुळे. ज्यांना गावानं नि घरानं बाहेर काढलं होतं, त्यांच्या आवारातला हा उजेड!

पुढचा टप्पाही जवळचाच, दादरचा. १९३० नंतरच्या दशकात दादरच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात गाळातून गॅस निघत होता. मैल्यातून निघतो तर शेणातून का नाही, म्हणून १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. व्ही. देसाई यांनी प्रयोग केले. मग जशभाई पटेलांनी १९५० नंतरच्या काळात वर लोखंडी टोपी तरंगणारी टाकी बसवली. गॅस भरला की टोपी वर, वापरला की खाली. खादी ग्रामोद्योग आयोगानं १९६० नंतर हीच टाकी गावोगाव नेली. विटांचा बंद घुमट असलेलं, लोखंड नसलेलं 'दीनबंधू' मॉडेल आलं १९८४ साली.

सांगायचं हे की विद्या नवी नाही. सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. सरकारही गप्प बसलेलं नाही. १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस योजना आहे. तिची नावं बदलत गेली, अनुदानाचे आकडे बदलत गेले. २०१८ साली 'गोबरधन' आली, २०२२ साली राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम आला. मग घरोघरी गोबरगॅस का नाही?

माझं माहेर कुडाळजवळचं. आमच्याकडे टोपीचा गोबरगॅस आला तेव्हा मी लग्न होऊन मुंबईत आले होते. मे महिन्यात गेले की वहिनी कौतुकानं त्यावर चहा करून द्यायची. तीनचार वर्षांनी गेले तर चुलीवर भाकऱ्या चाललेल्या. कोकणातल्या पावसानं टोपीला गंज धरला, एका सांध्यातून गॅस निसटायला लागला. ज्या मिस्त्रीनं बसवला तो गोव्याला कामाला गेलेला. ज्यांनी अनुदानाचा कागद पुरा केला, त्यांच्या दप्तरी टाकी 'पूर्ण' होती. पूर्ण झालेल्या टाकीकडे परत कशाला बघायला यायचं? वहिनी मला म्हणाली ते अजून कानात आहे. "गॅस बंद पडूक नाय, वन्सं. बघणारो मिस्त्री बंद पडलो."

मला वाटतं, दिल्लीपासून गल्लीपर्यंतच्या सगळ्या योजनांचं दुखणं त्या एका वाक्यात आलं. पैसे बांधण्याला मिळतात, चालवण्याला मिळत नाहीत. किती टाक्या बांधल्या ते मोजतात. पाच वर्षांनी किती शेगड्या पेटतात, ते मोजण्याची कुणाला घाई नसते. अनुदानही बहुधा बांधून, तपासणी होऊन मग खात्यात येतं. तोवर सिमेंट, वाळू, मजुरी आपल्या खिशातून. ज्यांच्याकडे आधी घालायला पैसे नाहीत, त्यांच्या दारात टाकी येणार कशी? आमच्याच जिल्ह्यात पुढे झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानसारख्या संस्थेनं हजारो गोबरगॅस उभे केले. गावात राहून, पाठपुरावा करून. म्हणजे जमतं. पण गावात राहावं लागतं.

मोठ्या प्रकल्पांचीही गोष्ट निराळी नाही. शेतातला पाला, शेण, कारखान्यांची मळी यांपासून गॅस करून, शुद्ध करून, दाबून गाड्यांना पुरवायचा, अशी 'सतत' नावाची योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाली. २०२३-२४ पर्यंत देशात ५,००० प्रकल्प उभारायचे होते. मुदत संपली तेव्हा चालू प्रकल्प शंभरीच्या आसपास रेंगाळत होते. कच्चा माल रोज, ठरल्या भावात मिळवणं कठीण नि उरलेल्या खताला गिऱ्हाईक नाही, ही त्यातली मोठी अडचण. आता शहरातल्या गॅसकंपन्यांवर हा गॅस मिसळण्याचं बंधन आलंय, २०२५-२६ साठी १ टक्का, वाढत जाऊन २०२८-२९ ला ५ टक्के. गिऱ्हाईक बांधून दिलं हे चांगलं झालं. पण पाला गोळा करणाऱ्याच्या हातात काय पडतं, ते पाहायचं.

आमच्या मुंबईची तर गंमतच आहे. माटुंग्याला दिवे लागले त्या शहरात पुढे बरंचसं मैलापाणी समुद्राच्या वाटेला लागलं. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला २४६ कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारी नवी केंद्रं बांधायला घेतली आहेत. त्यांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. अशा केंद्रात गाळ बंद टाकीत कुजवला की गॅस मिळतो नि केंद्राची थोडीफार वीज त्यावर भागते. दिल्लीत ओखल्याच्या केंद्रातला गॅस तर एके काळी शेजारच्या वसाहतींत स्वयंपाकाला जात होता.

माझ्या मावशीला मी हे सांगितलं तर तिनं पदर नाकाला लावला. "त्याच्यावर नैवेद्य शिजवायचा?" मी हसले नाही. तुम्हीही हसू नका. १८९७ साली त्या गॅसवर दिवा लावला म्हणून गाजावाजा झाला नसेल. दिव्याला सोवळं नसतं, चुलीला असतं. हे अवघड काम ज्यांनी आयुष्यभर केलं ते देहूचे डॉ. सुहास मापुसकर. १९५९ साली ते देहूच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले. रोग्यांच्या पोटातले जंत पाहून औषध देत बसण्यापेक्षा संडास बांधायला लागले नि पुढे संडासाला गॅसची टाकी जोडून दाखवली. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला जेमतेम २५-३० लिटर गॅस, म्हणजे चहाचं आधण होईल एवढाच. पण गुरांच्या टाकीला जोड म्हणून तो चांगला नि मुख्य म्हणजे विहिरीचं पाणी सुधारतं. २०१७ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ती मरणोत्तर.

शहरात आता नवा प्रकार निघालाय तो ओल्या कचऱ्याचा. रोज १०० किलोंहून जास्त ओला कचरा निघणाऱ्या किंवा २०,००० चौरस मीटरांहून मोठ्या सोसायट्यांनी तो आवारातच जिरवावा, असा आग्रह महापालिकेनं २०१७ पासून धरला. भाचीच्या सोसायटीनं लगेच गॅसचं यंत्र घेतलं. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले. कचरा वेगळा करायला सांगितला तो बायकांना. बायकांनी केलाही. पण पिशवीसकट टाकणारेही होतेच. एका प्लॅस्टिकच्या पिशवीनं नळी तुंबली. सफाईवाल्या दादांना काम वाढलं, पगार तोच राहिला. फुकट देखभालीची मुदत संपल्यावर वार्षिक सभेत 'दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा' यावर दोन तास भांडण झालं. आज त्या शेडमध्ये गणपतीच्या मांडवाचे बांबू आहेत.

असलं यंत्र चालतच नाही असं मुळीच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळ्यांचं 'निसर्गऋण' किंवा पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांच्या 'आरती' संस्थेची घरगुती टाकी, दोन्ही आपल्याच माणसांनी करून दाखवलेलं काम आहे. 'आरती'च्या टाकीला २००६ साली इंग्लंडचं ॲशडेन पारितोषिकही मिळालं. शेण नसलं तरी शिळा भात, पिठाचा चाळ, खराब फळं यावरही गॅस होतो. फक्त रोज बघणारं माणूस हवं नि त्या माणसाला मोबदला हवा.

तर बाई गं, तुझ्या पत्राकडे येते. तू आळशी नाहीस. घरात जे कुणी विचारलं नाही, तेवढंच तू विचारते आहेस.

आधी हिशेब कर. १ घनमीटर गॅसला रोज २५ किलो ओलं शेण नि तितकंच पाणी लागतं. एवढ्या गॅसला साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरचा गॅस धर. महिन्याकाठी जवळजवळ एक सिलिंडर सुटतो. थोडं नाही! २ घनमीटरचा घेतलात तर शेण ५० किलो. कागदावर तुमची तीन गुरं चालतील. पण गाई दिवसभर रानात चरत असतील तर निम्मं शेण रानातच पडतं. तेव्हा आठ दिवस सकाळी गोठ्यातलं शेण घमेल्यानं मोज. घमेलं एकदा काट्यावर तोलून घेतलंस की रोज तोलायला नको. भरत नसेल तर लहान टाकी घ्या, मोठ्या अनुदानाच्या मोहात पडू नका. अर्धपोटी टाकी अर्धाच स्वयंपाक करते नि मग सगळे टाकीला नावं ठेवतात.

मग घरात बोल. भांडू नकोस, कामं वाटून घे. शेण कालवणं सकाळी वीसेक मिनिटांचं काम आहे, ते नवऱ्यानं किंवा सासऱ्यांनी करावं. खत त्यांच्या शेतात जाणार आहे ना? पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचं असेल तर आधी पाइप, मग गोबरगॅस. गोठा धुतलेलं पाणीही चालतं, फिनेल किंवा साबण मात्र त्यात नको, टाकीतले जंतू मरतात. अर्ज तुझ्या नावानं करता येतो का विचार. अनुदानाचा सध्याचा आकडा नि संडास जोडला तर वर काही मिळतं का, हे जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात विचारून घ्या. बांधणाऱ्या मिस्त्रीचं गाव कोणतं, आधी बांधलेल्या टाक्या कुठे आहेत ते विचार नि त्यातल्या दोन घरच्या बायकांना जाऊन भेट. पुरुषांना नको. शेगडी रोज पेटते का, ते बायकाच खरं सांगतील.

टाकी स्वयंपाकघराजवळ, उन्हात नि विहिरीपासून चांगली लांब असावी. तुमच्याकडच्या पावसात घुमटाचीच बरी, गंजायला लोखंड नाही. नळीत पाणी साचून ज्योत फडफडते, म्हणून सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवायला सांग. सिलिंडरची शेगडी तशीच जोडू नका. या गॅसला भोकं मोठी लागतात, वेगळी शेगडी मिळते. पहिल्यांदा भरल्यावर येणारा गॅस हवेत सोडून द्यायचा, त्यात हवा मिसळलेली असते. कुजक्या अंड्यासारखा वास आला की खिडक्या उघड, काडी ओढू नकोस. आणि टाकी साफ करायला कुणालाही आत उतरू देऊ नकोस. नुसती वाकून बघणारी माणसंही गेलेली आहेत. त्यासाठी माहीतगार माणूसच बोलवायचा.

सिलिंडरचं कनेक्शन सोडू नकोस. पाहुणे आले, गाय आटली, थंडीत गॅस कमी झाला, की ते हाताशी हवं.

आठ दिवसांच्या घमेल्यांचा आकडा नि नवरा काय म्हणाला, दोन्ही मला कळव.