पोशाखाची चर्चा आणि अभिनयाची उपेक्षा

‘ब्रह्मचारी’ हा बोलपट १९३८ सालीं कोल्हापूरच्या ‘हंस पिक्चर्स’नें काढला. कथा प्र. के. अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचें आणि नायकाचें कामहि त्यांचेंच. मराठींतील प्रेमविनोदाचा मानदंड म्हणून आज त्याचें नांव घेतलें जातें, तें योग्यच आहे. परंतु या बोलपटाविषयीं प्रेक्षक काय बोलत आले आहेत हें लक्षपूर्वक ऐकलें, म्हणजे मौज वाटते आणि पाठोपाठ खेदहि होतो. नायिका मीनाक्षी शिरोडकर यांचा विषय निघाला रे निघाला, कीं बोलणें एका गाण्यावर आणि त्या गाण्यांतील पोहण्याच्या पोशाखावर येऊन थांबतें. आठ दशकांहून अधिक काळ लोटला. निंदा करणारे गेले, स्तुति करणारे आले. पण चर्चा त्या वस्त्रापलीकडे वीतभरहि सरकलेली नाहीं. हा एका गुणी नटीवर झालेला अन्याय आहे आणि आपल्या रसिकतेस तो कमीपणा आणणारा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम निंदकांचा समाचार घेऊं. नायिकेनें असा पोशाख करून पडद्यावर यावें, याबद्दल त्या काळीं सोवळ्या मंडळींत मोठा गहजब झाला. आतां या मंडळींनीं कोणत्या कथेवर रोष केला तें पाहा. औदुंबर हा एक साधा तरुण. देशभक्त जटाशंकर यांचें ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून त्याच्या अंगांत वारें शिरतें. हौसेनें जमविलेलीं नट्यांचीं चित्रें तो टाकून देतो, ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो आणि एका आचार्यांच्या संस्थेंत दाखल होतो. तेथें किशोरी येते आणि त्या प्रतिज्ञेचा पाया ढासळूं लागतो. मोह चित्रांत असतो, तीं फेकलीं कीं मन शुद्ध झालें, अशी औदुंबराची समजूत. आणि त्या समजुतीचीच टर उडविण्यासाठीं सारी कथा रचलेली! मग पडद्यावरील एक दृश्य पुसून टाकलें कीं समाज शुद्ध झाला असें मानणारा प्रेक्षक औदुंबराहून निराळा तो काय? अत्रे यांनीं पडद्यावर एकच औदुंबर उभा केला होता. बाकीचे आपण होऊन तिकिटें काढून समोर येऊन बसले.

शिवाय त्या गाण्याचा विषय तरी कोठें नवा होता? गीत अत्रे यांचें, चाल दादा चांदेकर यांची, आणि विषय कृष्णाच्या यमुनेंतील जलक्रीडेचा. ही क्रीडा आपण गवळणींतून पिढ्यानपिढ्या गात आलों, कीर्तनांत तिला माना डोलावीत आलों. गोपींचीं वस्त्रें घेऊन कदंबावर बसलेल्या गोपाळाचीं चित्रें घरांतल्या भिंतींवर लावीत आलों. पुराणांत राहिली तोंवर ती भक्ति. चालू काळांतील एखादी मुलगी आपल्या खुशीनें पाण्यांत उतरतांच ती अनीति! हा न्याय कोणत्या शास्त्रांतला, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

आतां स्तुतिपाठकांकडे वळूं. हे आजच्या काळांतले. ‘केवढें हें धाडस! त्या काळीं!’ हा त्यांचा पाठ. त्याला जोड म्हणून मीनाक्षीबाई या नम्रता व शिल्पा शिरोडकर या अभिनेत्रींच्या आजी, एवढी माहिती सांगितली कीं त्यांचें कर्तव्य संपलें. हे लोक मनानें चांगले आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. धाडसहि खरेंच होतें. १९१६ सालीं जन्मलेल्या आणि जेमतेम बाविशींतल्या एका स्त्रीनें समाजाची ती नजर सोसली, त्याबद्दल तिला मान दिलाच पाहिजे. परंतु धैर्य निराळें आणि अभिनय निराळा. निंदकानें त्या वस्त्राला पाप म्हटलें, स्तुतिपाठक त्याला पराक्रम म्हणतो. पाहतात मात्र दोघेहि वस्त्रच. त्या वस्त्राच्या आंत एक नटी काम करीत होती, तिला आवाज होता, तिला वेळेचें भान होतें, याची दखल दोघांनाहि घ्यावीशी वाटत नाहीं. हा बोलपट मुंबईंत २५ आणि पुण्यांत ५२ आठवडे चालल्याची नोंद आहे. पोशाखाचें कुतूहल चार दिवसांत शमतें. वर्षभर लोकांना थिएटरापर्यंत चालवीत आणण्याची शक्ति शिंप्याच्या कात्रींत नसते.

यावर कोणी जाणता समीक्षक म्हणेल कीं, बोलपटाचें यश अत्रे यांच्या लेखणीचें आणि विनायकांच्या दिग्दर्शनाचें, नायिका निमित्तमात्र. हें मत वरवर भारदस्त दिसतें, म्हणूनच तें अधिक घातक आहे. व्रत मोडणाऱ्या पुरुषाची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. विश्वामित्राचें तप मोडण्यास मेनका आली, पण ती इंद्राच्या हुकुमानें आली, त्यामुळें त्या कथेंत कपट आहे, शाप आहे, पश्चात्ताप आहे, हंसूं नाहीं. किशोरी कोणाच्या हुकुमानें येत नाहीं. तिला औदुंबर हवा आहे, आणि आपल्याला तो हवा आहे याची तिला लाज वाटत नाहीं. ही भूमिका तोलून धरणें सोपें नव्हे. नायिका थोडी अधिक मादक झाली, कीं औदुंबर दयेस पात्र ठरतो; ती थोडी अधिक भोळी झाली, कीं तोच कठोर ठरतो; आणि तिच्या चेहऱ्यावर कुचेष्टेची छटा उमटली, कीं सारा विनोद कडवट होतो. प्रेक्षक औदुंबराला हंसतो आणि तरीहि त्याचें भलें चिंतितो, याचें कारण समोरची मुलगी त्याला हंसतांना त्याच्यावर प्रेमहि करीत असते. हें लेखणीनें सुचवितां येतें, दिग्दर्शकाला समजावून सांगतां येतें. पण पडद्यावर तें नटीलाच करावें लागतें. निमित्तमात्र माणसाकडून तें होत नाहीं. पुढल्याच वर्षीं, १९३९ सालीं, ‘ब्रँडीची बाटली’ या दुसऱ्या विनोदी बोलपटांतहि याच मंडळींनीं मीनाक्षीबाईंना घेतलें. त्यांना तरी ही गोष्ट कळली होती.

या उपेक्षेचें मूळ आमच्या मतें अधिक खोल आहे. १९३७ सालीं ‘प्रभात’चा ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्या नवऱ्याशीं फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेचें काम शांता आपटे यांनीं केलें, आणि त्यांच्या अभिनयाचा गौरव आजहि होतो. तो त्यांच्या हक्काचाच आहे. पण आपण पुढें जो हिशेब मांडतों तो चुकीचा आहे. दुःख सोसणारी, अन्यायाशीं झगडणारी स्त्री दिसली, कीं आपण म्हणतों ‘काय अभिनय!’, खेळकर, हंसरी, आपल्या सुखाची मागणी करणारी स्त्री दिसली, कीं आपण म्हणतों ‘काय रूप!’ आणि थांबतों. दामूअण्णा मालवणकरांनीं हंसविलें तर ती कला. नायिकेनें हंसविलें तर ती शोभा. स्त्रीच्या अश्रूंना किंमत आणि तिच्या हंसण्याला फक्त नजर, असा हा आपल्या रसिकतेचा बाजारभाव आहे.

एक आक्षेप मात्र आम्ही प्रामाणिकपणें मान्य करतों. तो पोशाख गर्दी खेंचील हें निर्मात्यांना ठाऊक नसेल, असें मानण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. कॅमेऱ्याची नजर तेव्हांहि निष्पाप नव्हती. परंतु तसें असेल तर तक्रारीचा कागद ज्यांनीं तें दृश्य कल्पिलें, ज्यांनीं तें चित्रित केलें, त्यांच्या दारीं न्यावा. झालें उलटेंच. ढोंगाचा बुरखा फाडणारे म्हणून पुरुषांच्या पदरांत कीर्ति पडली, आणि त्याच दृश्याबद्दल स्त्रीच्या पदरांत आधीं बोल आणि मागाहून कुतूहल. मीनाक्षीबाई १९९७ सालीं निवर्तल्या, आणि अजूनहि आपण त्यांची ओळख त्याच एका पोशाखानें करून देतों.

असो. आमची मागणी फार मोठी नाहीं. ‘ब्रह्मचारी’ पाहण्याचा योग येईल तेव्हां ज्याच्यासाठीं तो बोलपट प्रसिद्ध आहे तें गाणें आपण खुशाल पाहावें. डोळे मिटण्याचें कारण नाहीं, तो औदुंबराचा मार्ग झाला. पण गाणें संपल्यावरहि किशोरीकडे पाहत राहावें, तिचें बोलणें ऐकावें, ती कोठें थांबते आणि कोठें हंसते तें टिपावें, आणि मगच मत द्यावें. तें मत प्रतिकूल झालें तरी आमची हरकत नाहीं. तें नटीविषयींचें मत असेल. आजवर दिलीं गेलीं तीं कापडाविषयींचीं होतीं.