चाचणी थांबली, दुखणं मात्र चालूच

मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याचे रुग्ण रात्रीतून कित्येकदा उठतात. लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, मग ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हेच ऐकावं लागतं. अमेरिकेत अशा रुग्णांना ‘टॅनेझुमॅब’ या इंजेक्शनने आशा दाखवली होती. वेदनेच्या नसा हळव्या करणाऱ्या ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ला ते अडवतं. छोट्या चाचणीत दुखणं कमी झाल्याचंही दिसलं.

२०१० मध्ये फायझर कंपनीची ही चाचणी थांबली. कारण मूत्राशयाचं नव्हतंच. सांधेदुखीच्या चाचण्यांत काही जणांचे सांधे झपाट्याने झिजले, ते बदलण्याची वेळ आली. म्हणून तिथल्या औषध नियामक ‘एफडीए’ने ब्रेक लावला.

साहजिकच दोन सूर उमटले. सांधे गमावण्यापेक्षा थांबलेलं बरं, हा एक. आमचे गुडघे धड आहेत, मग आमचं औषध का बंद, हा दुसरा.

भीती पोकळ नव्हती. २०२१ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने सांधेदुखीसाठीही या औषधाविरुद्ध १९-१ असा कौल दिला आणि कंपनीने नाद सोडला. पण मूत्राशयाच्या रुग्णांचा प्रश्न अर्ध्यावरच राहिला.

आपल्याकडे २०१९ च्या केंद्रीय नियमांत चाचणीत इजा झाल्यास भरपाई आहे. चाचणी बेळगावात असो की हैदराबादेत, नियम एकच. पण चाचणीच थांबली तर पुढचे उपचार कोण करणार? हे सही करण्याआधीच विचारून घेतलेलं बरं.