चला, चिंबोऱ्या धरायला!

काय दोस्तांनो, सुट्टीत खाडीकाठच्या मामाच्या किंवा आत्याच्या गावी जाणार आहात? मग या वेळी फग लावून बघाच. फग म्हणजे चिंबोऱ्या धरायचं गोल जाळं. (रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींनी चिंबोरीच्या जागी कुर्ली वाचावं!)

फग घरीच करता येतो. सायकलची जुनी रिंग घ्या. ती नसेल तर जाड तारेचं दीड फुटाचं कडं चालेल. त्यावर जुन्या जाळ्याचा तुकडा थोडा सैल बांधा. कड्याला सारख्या अंतरावर तीन दोऱ्या बांधून त्यांची वर एकत्र गाठ मारा आणि त्या गाठीला वीसेक फुटांची लांब दोरी जोडा. तराजूचं पारडं आठवा, अगदी तसं दिसलं पाहिजे. मधोमध माशाचं डोकं नाहीतर कोंबडीची आतडी सुतळीने घट्ट बांधा. सैल बांधलीत तर चिंबोरी ती ओढून घेऊन पसार होते. वास येतोय म्हणून नाक मुरडू नका. गढूळ पाण्यात चिंबोरीला दिसतं कमी, ती वासावरच येते.

आता वेळ. पाणी चढायला लागलं की चिंबोऱ्या बिळातून खायला बाहेर पडतात. म्हणून भरतीची वेळ आधी काढायची. कोकणातली जुनी माणसं ती बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की झाली भरतीची वेळ! आज पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार आणि त्याआधी सहा तास, दहाच्या आसपास, ओहोटी संपणार. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. (पाढे कशाला पाठ करायचे, असं मला वर्गात विचारणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.) अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार जोरात चढतं. नवशिक्यांनी अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडावेत, तेव्हा ओढ कमी असते.

बरोबर मोठं माणूस हवंच, आणि तेही खाडीची माहिती असलेलं. बांधावर किंवा जेटीवर बसायचं, चिखलात उतरायचं नाही. उघाडीच्या तोंडाशी तर अजिबात जायचं नाही, तिथे पाणी खेचतं. बिळात हात घालणाऱ्या पोरांची नक्कलही करू नका.

फग तळाला सपाट बसू द्या, दोरी ढिली सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं गप्प बसा. मग दोरी हळूच ताणायची आणि एकदम, न थांबता वर खेचायची. मध्ये थांबलात की चिंबोरी कडेवरून उडी मारते! वर आली की तिच्या नांग्यांपासून लांब राहा. काठीने तिला दाबून धरायचं आणि मागच्या बाजूने पाठ पकडायची. पहिले काही दिवस हे काम मोठ्यांनाच करू द्या. बोट सापडलंच तर झटका देऊ नका, हात पाण्यात धरा. ती बहुधा सोडते.

पिशवीत टाकण्याआधी तिला उलटी करून बघायची. पोटावरची झडप अरुंद, त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी. त्या झडपेखाली अंड्यांचा घोस दिसला तर? आमच्या शाळेतल्या चौथीतल्या एका पोराच्या फगात खाडीच्या मुखाशी अशीच एक मादी आली होती, चांगली तळहातापेक्षा मोठी. दिवसभरात तेवढी एकच. घरी आजी वाटण करून बसलेली. पोराने बराच वेळ तिच्याकडे बघितलं, मग दोरीसकट फग परत पाण्यात सोडला. आजीने त्या रात्री त्याला वरणभात वाढला आणि दोन दिवस ऐकवलं. मला विचाराल तर मी पोराच्या बाजूने. अंडी सोडायला मादी खाडीतून समुद्राकडे निघते. तिच्या एका घोसात लाखो अंडी असतात, पण मोठं होणारं पिल्लू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच. तीच वाटेत धरली तर पुढच्या सुट्टीत फगात काय येणार?

तळहातापेक्षा लहान असेल तर तीही सोडा. आणि पोट दाबल्यावर कवच मऊ लागलं, तर तिने नुकतीच कात टाकलेली आहे. आत निव्वळ पाणी! पायाला धरून ओढू नका. सुटण्यासाठी चिंबोरी स्वतःचा पाय तोडून टाकते. तो पुन्हा उगवतो, पण त्यासाठी तिला कात टाकायची वाट बघावी लागते.

देशावरच्या दोस्तांनो, तुमच्या ओढ्यातल्या खेकड्याची मादी तर झडपेखाली चक्क पिल्लंच घेऊन हिंडते. यंदा पावसाळ्यात दिसली तर किती पिल्लं होती ते मोजून मला कळवा. मोजायला तिला हातात घ्यायची मात्र गरज नाही.

आणि हो, घरी आल्यावर फग गोड्या पाण्याने धुऊन ठेवा. खारं पाणी राहिलं तर रिंग लवकर गंजते.