बर्गरचा गाजावाजा

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बाल्डविन पार्क येथे स्नायडर दांपत्याने १९४८ साली ‘इन-एन-आउट’ हे बर्गरचे दुकान काढले. आज त्याच्या शाखांपुढे मोटारींच्या रांगा लागतात. एवढे कौतुक रास्त आहे काय? आमच्या मते, निम्मेच. मांस गोठवीत नाहीत, बटाटे दुकानातच कापून तळतात, पदार्थ मोजके. ताजा माल पोहोचेल तेथेच शाखा काढतात. बटाटा पिकविणाऱ्यास याचे मोल सांगावयास नको. पण ते काप लवकर मऊ पडतात, आणि माल ताजा म्हणून मीठ-चरबी कमी होत नाही. भूक लागल्यास खावा. तासभर तिष्ठू नये. पेल्याच्या बुडाशी ‘योहान ३:१६’ छापलेले असते. वचन आम्हांसही प्रिय. बर्गर मात्र त्याने पथ्याचा होत नाही.