मुलांची पहिली बंदूक घरात नको, रेंजवर हवी

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. हुबळी-धारवाडच्या आपल्या वस्त्यांतही पेढे वाटले गेले. तेव्हापासून समाजातील पालकांकडून आमच्याकडे एकच विचारणा होत असते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा आहे, त्याला शिकवायला पहिली बंदूक कोणती घ्यावी? कोणी पॉइंट टू-टू म्हणतो, कोणी छऱ्याची, कोणी बेळगावहून आणू का असे विचारतो. (विचारणारे सगळे मुलासाठीच विचारतात. मुलीसाठी अजून एकानेही विचारलेले नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.)

आमचे मत सरळ आहे. पहिली बंदूक पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन म्हणजे साडेचार मिलिमीटर छऱ्याची एअर रायफल असावी, आणि ती घरातल्या कपाटात नव्हे तर रेंजच्या कपाटात असावी.

टू-टूचा विचार मनातून काढून टाका. कॅडेट असताना ज्यांनी एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये ही रायफल चालवली आहे, त्यांना ती खेळण्यासारखी वाटते, कारण धक्का जवळजवळ नाही आणि आवाज बेताचा. पण ती गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. कळघटगी-अळणावरकडे शेताच्या बांधावर उभे राहून दीड किलोमीटरमध्ये किती वस्त्या येतात ते मोजून पाहा. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. प्रशिक्षणासाठी सूट आहे, पण ठरावीक वयानंतर आणि नियमांतील अटींवर. जंगलाच्या कडेला रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही घरांत परवान्याची बंदूक असते आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागते. त्या घरच्या मंडळींना कायदा सांगायला नको. तरीही सांगतो, वडिलांचा परवाना हा मुलाचा परवाना होत नाही.

अमेरिकेत लहान मुलांसाठी खास टू-टूची एकबारी रायफल बनते. नाव 'क्रिकेट', जाहिरातीत 'माझी पहिली रायफल'. छोटा दस्ता, कमी वजन, गुलाबी-निळे रंग. एप्रिल २०१३ मध्ये केंटकी राज्यातील एका गावात पाच वर्षांच्या मुलाला भेट मिळालेली अशी रायफल घराच्या कोपऱ्यात उभी होती. आत एक गोळी राहिली आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. आई क्षणभर बाहेर गेली आणि मुलाच्या हातून त्याची दोन वर्षांची बहीण गेली. बंदूक मुलाच्या मापाची होती, परवडणारी होती, एकबारीही होती. म्हणजे निवड करताना आपले पालक जे जे विचारतात ते सगळे त्या बंदुकीत होते. चूक होती ती कोपऱ्यात ठेवण्याची.

एअर रायफलला आपल्याकडे सवलत आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची प्रत मागेल तेवढेच. म्हणून लोक तिला खेळणे समजतात. पण दहा मीटरवरून निघालेला छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. आणि आमचा अनुभव असा की घरी आणलेली छऱ्याची बंदूक आठवडाभर पुठ्ठ्यावर चालते आणि दुसऱ्या आठवड्यात केळगेरी तळ्याकाठच्या पाखरांवर वळते. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून गावोगावच्या लोकांना एअरगन सरकारजमा करण्याचे आवाहन करावे लागले आणि दोन हजारांवर बंदुका परत आल्या, त्या पाखरांसाठीच.

आता बंदुकीबद्दल. सिद्धारूढ मठाच्या जत्रेत फुगे फोडायला जी नळी मोडून भरायची बंदूक मिळते, तिच्यावर मुलाला शिकवू नका. तिची स्प्रिंग दाबायला दहा वर्षांच्या मुलाचा दंड पुरत नाही, आणि हात सुटला तर नळी फटकन मिटून बोटे सापडतात. माशीही बहुधा वाकडी असते, म्हणून तर स्टॉलवाल्याचा धंदा चालतो! शिकाऊ मुलासाठी दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी, दस्ता कमी-जास्त करता येणारी रायफल बरी. दस्ता खांद्याला लावल्यावर मान न ताणता डोळा भोकाच्या माशीला लागला पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियमात दहा मीटर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते. वीस-पंचवीस किलोच्या पोराने ते पेलायचे म्हणजे पाठीचा कणा वाकडा करून घ्यायचा. म्हणून सुरुवात टेकू देऊन, आणि पहिले काही आठवडे छर्रा न घालता. श्वास, उभे राहणे, चापावरचे बोट, नळी नेहमी निशाण्याकडे. ज्याला हे कंटाळवाणे वाटते त्याला अजून वेळ आहे. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही, ही शिस्तही त्यातच आली.

विदेशी स्पर्धा-रायफलची किंमत लाखाच्या वर जाते. देशी बनावटीच्या स्वस्त पडतात, पण रोजंदारीवर जगणाऱ्या आपल्या बहुसंख्य घरांना त्याही जड. आणि मूल तर दोन वर्षांत वाढते, दस्ता आखूड पडतो. एका घराने एक बंदूक घेण्यापेक्षा वीस घरांनी मिळून चार घ्याव्यात, हा हिशेब कोणालाही पटेल. जर्मनीत नेमबाजीचे क्लब गावोगाव आहेत. तिथे बारा वर्षांखालच्या मुलांना एअर रायफलसुद्धा खास परवानगीशिवाय नाही. ती मुले प्रकाशकिरण सोडणाऱ्या रायफलवर शिकतात. नेम तोच शिकतात, फक्त नळीतून काही बाहेर येत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पालकांना आमचे हेच उत्तर.

काही बांधव म्हणतील, मराठ्याच्या पोराला शस्त्र धरायला कोणाची परवानगी? खंडेनवमीला शस्त्रपूजा करणारी आपली जात. शेजारच्या कोडगूत मूल जन्मले की बंदुकीचा बार काढतात, मुलाच्या हाती धनुष्यबाण देतात, आणि कोडवांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. ती सूट केंद्राने २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कायम ठेवली. मग आपल्यालाच का नाही, असा सूर बैठकीत निघतो. शस्त्रबंदीची जखम या भागाला ठाऊक आहे. १८५७ च्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याविरुद्ध मुधोळजवळच्या हलगलीचे बेडर उठले आणि फासावर गेले. संस्थान मात्र आपल्याच घोरपड्यांचे होते, हेही लक्षात असू द्यावे. पुढच्याच वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे बंड करून बेळगावात फाशी गेले. पण हलगलीच्या माणसांनी जी हत्यारे द्यायला नकार दिला ती पोटापाण्याची आणि मानाची होती, मोठ्यांच्या हातची होती. तो इतिहास आठ वर्षांच्या पोराच्या हातात एअरगन देऊन, मिरवणुकीत फोटो काढून पुढे जात नाही. आणि मिरवणुकीत, वरातीत जे खरे बार काढतात त्यांनी ध्यानात ठेवावे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे.

मुलींचे राहिले. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली. राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली. राहीला बंदूक पहिल्यांदा दिसली ती शाळेच्या एन.सी.सी.त. स्वप्नीलही सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला. तिघांचीही सुरुवात कोणा श्रीमंत बापाच्या शस्त्रकपाटातून झाली नाही, शाळा, शिक्षक आणि रेंज यांतून झाली. कोल्हापूरला जे जमले ते इथे का जमू नये, हा प्रश्न आपण आपल्या नगरसेवकाला विचारायला हवा.

कारण लागते किती? दहा मीटरची लेन, मागे पक्की भिंत, छर्रे अडवणाऱ्या लोखंडी पेट्या, चांगला उजेड, कुलपाचे कपाट आणि एक प्रशिक्षित माणूस. आपल्याकडच्या बहुतेक मंगल कार्यालयांचे सभागृह याहून लांब आहे आणि लग्नसराई सोडली तर रिकामे असते. जुळ्या शहरांत खासगी प्रशिक्षण मिळते, पण त्याची फी सर्वांच्या आवाक्यातली नाही. नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय हुबळीत आहे आणि रेल्वेत खेळाडूंची भरती होते. स्वप्नील मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. ही वाट आपल्या मुला-मुलींना दाखवायची तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

२अ प्रवर्गाच्या मागणीसाठी आपण निवेदने देतोच, ती देत राहू. महापालिकेत ८२ वॉर्ड आहेत. त्यांपैकी ज्या वॉर्डांत आपली मते निकाल फिरवतात, तिथे मत मागायला येणाऱ्याला एवढेच विचारा: महापालिकेच्या एखाद्या शाळेत किंवा जुन्या इमारतीत दहा मीटरच्या सहा लेन कधी देता? तोंडी 'बघू' चालणार नाही, लेखी घ्या. आणि यंदाच्या शिवजयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च वगळून दोन एअर रायफली व एक प्रकाश-रायफल घेण्याचा ठराव आम्ही पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. विरोध असणाऱ्यांनी सभेला जरूर यावे.