सहा रेघा, थोडे आकडे

गिटार घरी आली की चार-आठ दिवसांत नवशिक्याच्या हातात एक कागद पडतो. सहा आडव्या रेघा आणि त्यांवर विखुरलेले आकडे. ना सारेगम, ना पाश्चात्त्य नोटेशनचे शेपटीवाले ठिपके. याचं पूर्ण नाव टॅब्लेचर, पण गिटारवाले नुसतं ‘टॅब’ म्हणतात. नियम चहा उकळेपर्यंत सांगून होतात. एक रेघ म्हणजे एक तार, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या फ्रेटला बोट दाबायचं तो क्रमांक. शून्य असेल तर तार मोकळी छेडायची. आकडे एकाखाली एक असतील तर त्या तारा एकदम वाजवायच्या. दोन आकड्यांमध्ये तिरपी रेघ असेल तर बोट तारेवरून घसरत न्यायचं.

एवढं समजून नवशिका वाजवायला बसतो आणि गाणं काही ओळखू येत नाही.

पहिलं कारण साधं असतं. गिटार मांडीवर उभी धरली की सगळ्यांत जाड तार वर, हनुवटीच्या बाजूला येते. टॅबमध्ये मात्र तीच तार सगळ्यांत खालच्या रेघेवर असते. गिटार मांडीवर आडवी ठेवून वरून पाहिलं की उलगडा होतो. आता जाड तार पोटाजवळ आणि बारीक तार लांब दिसते, कागदावर असते तशीच. शिकवणारे हे एकदा सांगतात, शिकणारे पुढचे काही आठवडे अधूनमधून विसरतात.

पण कागद उलटा वाचणाऱ्याने फार ओशाळू नये. 1507 साली व्हेनिसमध्ये ओत्ताविआनो पेत्रुच्ची या मुद्रकाने फ्रान्चेस्को स्पिनाचिनो या वादकाच्या ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठीच्या रचना छापल्या, त्या याच पद्धतीने: सहा रेघा आणि आकडे. त्या इटालियन पद्धतीत खर्जाची तार वरच्या रेघेवर असे, म्हणजे नवशिक्याला वाटतं तशीच. फ्रेंचांनी बारीक तार वर घेतली आणि आकड्यांऐवजी अक्षरं वापरली. स्पेनमध्ये लुईस मिलानने 1536च्या आपल्या पुस्तकात आकडे ठेवले आणि बारीक तार वर नेली. आजचा टॅब दिसायला त्याच्या जवळचा. गंमत म्हणजे पेत्रुच्चीच्या ल्यूटच्या पुस्तकांत सुरुवातीला नियमांचं एक पान असे, आणि ते होतं ज्यांना स्वरलिपी वाचून गाता येत नाही त्यांच्यासाठी. नोटेशन न येणाऱ्याची सोय करण्याचा हा धंदा असा पाचशे वर्षांचा आहे.

मग टॅब म्हणजे आळशी माणसाची पळवाट का? संगीताच्या वर्गांत असा सूर लागतो, पण तो पुरता खरा नाही. गिटारची सगळ्यांत बारीक, म्हणजे पहिली तार मोकळी छेडली की जो स्वर निघतो, नेमका तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर मिळतो, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावरही. पाच रेघांचं नोटेशन स्वर सांगतं. तो या चारांतून कुठे घ्यायचा हे बहुधा वाजवणाऱ्यावर सोडतं. टॅब थेट जागा दाखवतो. आपल्याकडे पेटीवाल्याला ‘काळी चार’ सांगितली की तो सरळ त्या पट्टीवर बोट ठेवतो, कंपनसंख्या विचारत बसत नाही. टॅबची जात हीच. जुन्या ल्यूटवादकांनी कोणता स्वर कोणत्या तारेवर घेतला हे आज कळतं, तेही याच लिपीमुळे.

टॅबची खरी उणीव वेगळी आहे, आणि ती जन्मजात नाही. पेत्रुच्चीच्या छापील पानांवर रेघांच्या वर बारीक दांड्या असत, त्यांना झेंडे लावलेले. कोणता आघात किती लांब हे त्या दांड्या सांगत. 1990च्या दशकात हौशी गिटारवाले गाणी ऐकून ऐकून टॅब संगणकावर टंकू लागले. हाताशी होता फक्त कळफलक, म्हणून रेघा संयोगचिन्हांच्या झाल्या, त्यांत आकडे बसले आणि वरच्या दांड्या गळून पडल्या. असले टॅब हजारोंनी पसरले. त्यांतले बरेच चुकीचेही होते, कारण ज्याच्या कानाला जे पटलं ते त्याने लिहिलं. पुढे गिटार प्रोसारख्या सॉफ्टवेअरने टॅबखाली पुन्हा लयीच्या खुणा आणल्या. पण फुकट मिळणारा कागद अजूनही बहुतेक वेळा मुका असतो.

म्हणून नवशिके सर्रास ‘स्मोक ऑन द वॉटर’पासून सुरुवात करतात, त्यात शहाणपण आहे. डीप पर्पल या रॉक बँडच्या 1972च्या अल्बममधली ती सुरावट कानात आधीच बसलेली असते. कुठे थांबायचं हे कागदाने सांगावं लागत नाही. बहुतेकांना मिळणारा टॅब एकाच तारेवरचा असतो. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर मात्र दोन तारा एकदम, आणि त्याही पिक न वापरता बोटांनी छेडत असे. एकाखाली एक लिहिलेले आकडे कशासाठी, हे समजायला याहून चांगला धडा नाही. पण कधीच न ऐकलेलं गाणं असल्या टॅबवरून काढायला बसणं म्हणजे निव्वळ छळ. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांतले गोव्याचे वादक समोर आलेलं नवं पान बघून तिथल्या तिथे वाजवत, कारण अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संगीत-संयोजकांनी लिहिलेल्या पाश्चात्त्य नोटेशनमध्ये काळ लिहिलेला असे. लय नसलेल्या टॅबवर तसं ध्वनिमुद्रण उभंच राहिलं नसतं.

मराठी नवशिक्याकडे यावर एक घरचा उपाय आहे: भातखंडे स्वरलिपी. ती टॅबच्या बरोबर उलट आहे. बोट कुठे ठेवायचं याचा तिच्यात पत्ता नाही, पण मात्रा चोख. दोन्ही एकत्र करता येतात. पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट सा मानला, तर चौथी तार मोकळी रे, तिचाच दुसरा फ्रेट ग आणि तिसरा म. तिसरी तार मोकळी प, तिच्या दुसऱ्या फ्रेटवर ध. दुसरी तार मोकळी नी आणि तिच्या पहिल्या फ्रेटवर तारसप्तकातला सा. ओळखीच्या गाण्याची स्वरलिपी घ्यायची, प्रत्येक स्वराच्या जागी असा आकडा मांडायचा आणि मात्रा होत्या तशा ठेवायच्या. आठ स्वरांत दाबायच्या जागा पाचच, बाकीचे तीन मोकळ्या तारांवर, त्यामुळे सोलून निघालेल्या बोटांनाही हे झेपतं.

फक्त तालाच्या खुणा रेघांच्या खाली लिहाव्यात, मध्ये नाही. भातखंड्यांच्या लिपीत शून्य म्हणजे खाली आणि फुली म्हणजे सम. टॅबमध्ये शून्य म्हणजे मोकळी तार, आणि फुली म्हणजे हात ठेवून बंद केलेली तार, जिच्यातून स्वर न निघता नुसता ठक् आवाज येतो. दोन्ही एकाच ओळीत आल्या तर तीनतालाच्या नेमक्या समेवर गिटार ठक् करून गप्प बसेल.